छोट्या महानगराचा बेरोजगारी दर उतरला, म्हणजे नेमकं काय झालं?

प्रश्न थोडक्यात असा: "अमेरिकेतल्या दीडेक लाख वस्तीच्या महानगर क्षेत्रात आम्ही राहतो. दोन वर्षांपूर्वी इथल्या सगळ्यात मोठ्या कारखान्याला टाळं लागलं आणि बेरोजगारी 6 टक्क्यांवर गेली. आता ती 3.8 वर आली आहे आणि सगळीकडे 'शहर सावरलं' असं म्हटलं जातंय. पण माझ्या ओळखीतल्या निम्म्या लोकांना अजून धड काम नाही. आकडा खोटा आहे, की मलाच चित्र चुकीचं दिसतंय?"

मी वीसेक वर्षं अशाच लहान भागांचे रोजगाराचे आकडे तपासण्याचं काम करतोय आणि हा प्रश्न दर दोन-तीन महिन्यांनी कुणी ना कुणी विचारतंच. आकडा खोटा नाही. तुम्हाला जे दिसतंय तेही बहुधा खरं आहे. दोन्ही एकाच वेळी खरं कसं, ते आधी आकडेमोडीने दाखवतो.

बेरोजगारी दर हा एक भागाकार आहे. वर काम शोधणारे, खाली श्रमबल, म्हणजे काम करणारे आणि काम शोधणारे मिळून. समजा तुमच्या भागाचं श्रमबल 80,000 होतं. त्यातले 75,200 कामावर आणि 4,800 कामाच्या शोधात. दर झाला 6 टक्के. आता काम शोधणाऱ्यांची संख्या 4,800 वरून 3,000 झाली. हे 1,800 लोक गेले कुठे?

सगळ्यांना काम लागलं असेल, तर श्रमबल तेवढंच राहिलं, 80,000. 3,000 भागिले 80,000 म्हणजे 3.75, छापताना 3.8. निम्म्यांना काम लागलं आणि निम्मे गाव सोडून गेले किंवा शोधायचेच थांबले, तर श्रमबल 79,100 आणि दर 3.79, म्हणजे छापताना 3.8. आणि एकालाही काम लागलं नाही, सगळे 1,800 निघून गेले किंवा थकून घरी बसले, तर श्रमबल 78,200 आणि दर 3.84. छापताना पुन्हा 3.8.

तीन वेगवेगळी शहरं आहेत ही. पहिल्यात 77,000 लोक कामावर आहेत, तिसऱ्यात जेमतेम पूर्वीइतकेच, 75,200. बातमीत मात्र तिन्हींचा मथळा एकच येणार. म्हणून दर ऐकला की मी तो बाजूला ठेवतो आणि त्याच सरकारी तक्त्यातले शेजारचे रकाने वाचतो: श्रमबल किती, कामावर किती, बेरोजगार किती. हे रकाने लपवलेले नसतात, दराच्या अगदी शेजारी छापलेले असतात. ते कुणी वाचत नाही, याचं मला आजही वाईट वाटतं, कारण नगरपालिकेपासून प्रशिक्षण केंद्रापर्यंत पैशांचे निर्णय त्या एका दरावर होतात.

आता हा आकडा तयार कसा होतो ते पाहू. बहुतेकांची समजूत अशी असते की दर महिन्याला कुणीतरी आपल्या शहरात घरोघरी जाऊन विचारतं. देशपातळीवर तसं होतं. दरमहा सुमारे 60,000 घरांची पाहणी होते. महिन्याची 12 तारीख ज्या आठवड्यात येते, त्या आठवड्यात तुम्ही काय करत होता ते विचारतात. त्या आठवड्यात एक तास जरी पैशासाठी काम केलं असेल तर तुम्ही रोजगारात. काम नाही, पण लगेच रुजू होऊ शकता आणि गेल्या चार आठवड्यांत शोधाशोध केली आहे, तर बेरोजगार. यातलं काहीच नसेल तर तुम्ही श्रमबलाबाहेर. पण ही 60,000 घरं अख्ख्या देशाची. लोकसंख्येच्या प्रमाणात हिशेब केला तर दीड लाख वस्तीच्या वाट्याला पंचवीस-तीस घरं येतात. तेवढ्यांवरून दर काढला तर एका घरात नोकरी गेली की आकडा टुणकन उडी मारेल.

म्हणून लहान भागांचा दर मोजला जात नाही, बांधला जातो. ब्युरो ऑफ लेबर स्टॅटिस्टिक्स, म्हणजे रोजगाराचे आकडे काढणारं केंद्र सरकारचं खातं, आणि राज्यांच्या यंत्रणा मिळून अशा सुमारे 7,500 भागांचे अंदाज दरमहा काढतात. कामावर असलेल्यांचा अंदाज मुख्यतः आस्थापनांच्या पटावरच्या, म्हणजे तिथे पगारावर असलेल्यांच्या, संख्येवरून येतो. पण पट सांगतो नोकरी कुठे आहे, आणि दर काढायचा असतो तिथे राहणाऱ्यांचा. म्हणून रोज कोण कुठून कुठे कामाला जातं याचा हिशेब त्यात मिसळतात. बेरोजगारांचा अंदाज बेकारी भत्त्याच्या चालू दाव्यांपासून सुरू होतो. ज्यांचा भत्ता संपला, पण काम मिळालं नाही, अशांची भर त्यात अंदाजाने घालतात. शेवटी सगळ्या भागांची बेरीज राज्याच्या आकड्याशी जुळवून घेतात.

इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो फार पसरलेला आहे. भत्ता संपला की माणूस बेरोजगारांच्या यादीतून वगळला जातो, असं लोक म्हणतात. व्याख्येत भत्त्याचा संबंधच नाही. शोध चालू आहे तोवर तो बेरोजगारच. फरक इतकाच की भत्ता चालू असताना त्याची नोंद प्रत्यक्ष असते आणि नंतर तो अंदाजात जातो. बहुतेक राज्यांत भत्ता जास्तीत जास्त 26 आठवडे मिळत आला आहे, काही राज्यांत त्याहून कमी. म्हणजे कारखाना बंद झाल्यावर सहा-सात महिन्यांनी तुमच्या शहराचा आकडा जास्त जास्त अंदाजावर उभा राहू लागतो, आणि नेमकं तेव्हाच लोकांना तो सगळ्यात खरा हवा असतो.

अंदाजाची दुसरी एक जागा आहे, जिचा उल्लेख क्वचितच होतो. पहिल्यांदा नोकरी शोधणारी मुलं आणि मुलांना वाढवून परत कामावर येऊ पाहणाऱ्या बाया भत्त्याला पात्र नसतात. त्यांची तुमच्या शहरापुरती नोंद कुठेच नसते. त्यांची संख्या राज्याच्या आकड्यातून भागाभागांत वाटून दिलेली असते. तुमच्या शहरात यंदा पदवीधर मुलं राज्याच्या मानाने जास्त रखडली असतील, तर ते स्थानिक दरात नीट उमटेल याची खात्री नाही. तुमच्या ओळखीत असे तरुण जास्त असतील, तर तुमचे डोळे आकड्यापेक्षा पुढे आहेत असं मी म्हणेन.

आता जिथे राहतो तिथला रोजगार आणि जिथे काम करतो तिथला रोजगार, यांतल्या फरकाबद्दल. विस्कॉन्सिन राज्यातलं जेन्सव्हिल हे याचं उत्तम उदाहरण आहे. जनरल मोटर्सचा तिथला कारखाना 1919 पासूनचा. 23 डिसेंबर 2008 रोजी तिथून शेवटची एसयूव्ही बाहेर पडली. काही कामगारांना कंपनीच्या दुसऱ्या शहरांतल्या कारखान्यांत जागा मिळाल्या, इंडियानातल्या फोर्ट वेनपासून टेक्सासपर्यंत. घर विकलं जात नाही, मुलांची शाळा मोडवत नाही, म्हणून कित्येकांनी कुटुंब जेन्सव्हिललाच ठेवलं, आठवडाभर तिकडे खोली करून राहिले आणि सुट्टीला शेकडो मैल गाडी हाकत घरी येत राहिले. अशा माणसाचं घर जेन्सव्हिलमध्ये धरलं, तर तो जेन्सव्हिलच्या रोजगारात मोजला जातो. शहराचा दर त्याच्यामुळे चांगला दिसतो. शहरातल्या पटावर मात्र त्याची नोकरी नाही, दुपारी चौकातल्या खानावळीत तो जेवत नाही, संध्याकाळी मुलांच्या खेळाला हजर नाही. म्हणून माझा नियम असा की राहणाऱ्यांवरून काढलेली रोजगाराची मालिका आणि आस्थापनांच्या पटावरून काढलेली मालिका कायम शेजारी शेजारी ठेवायच्या. पहिली वर आणि दुसरी खाली चालली असेल, तर लोक बाहेरगावी कामाला जात आहेत का, हे आधी तपासायचं. स्वतःचा धंदा करणारे आणि शेतमजूर पटाच्या मालिकेत नसतात, तेवढं ध्यानात ठेवून.

हंगामाची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते आणि तरीही सगळे तिथेच घसरतात. मीही घसरलो आहे. कामाला लागून तीन वर्षं झाली असतील, तेव्हा एका स्थानिक समितीसमोर मी डिसेंबर ते फेब्रुवारीची वाढ संकट म्हणून मांडली. नाताळासाठी घेतलेली दुकानांतली माणसं जानेवारीत कमी होतात आणि थंडीत बांधकाम थांबतं, एवढंच झालेलं होतं. समितीने माझ्या बोलण्यावर एका मदत योजनेची घाई केली. ते पैसे ज्यांना उन्हाळ्यात खरोखर लागले, त्यांच्यासाठी उरले नाहीत. तेव्हापासून मी छोट्या भागाचा एक महिना मागच्या महिन्याशी कधीही ताडून पाहत नाही, गेल्या वर्षीच्या त्याच महिन्याशी पाहतो. महानगरांच्या मासिक पत्रकातही मुख्य तुलना तशीच केलेली असते.

आणि हंगाम प्रत्येक गावाचा स्वतःचा असतो. ॲरिझोनातल्या युमाचा दर उन्हाळ्यात चढतो आणि हिवाळ्यात उतरतो, बहुतेक शेतीप्रधान भागांच्या अगदी उलट. कारण तिथे सॅलडच्या पाल्याची काढणी थंडीत होते आणि देशाला हिवाळ्यात लागणारा बहुतेक पाला तिथून जातो. युमाचा जुलै पाहून कुणी घाबरलं, तर त्याने गावच ओळखलं नाही.

एकाच धंद्यावर उभ्या असलेल्या शहराचं वेगळंच असतं. इंडियानातलं एल्कहार्ट-गोशेन म्हणजे देशातल्या बहुतांश फिरत्या घरांचा, ज्यांना तिथे आरव्ही म्हणतात, कारखाना. सुट्टीत भटकायला घेतलेलं चाकांवरचं घर ही माणूस सर्वांत आधी लांबणीवर टाकतो अशी खरेदी आहे. त्यामुळे मंदी देशाला लागायच्या आधी एल्कहार्टला लागते आणि सुगीही तिथे लवकर येते. 2008 च्या मंदीत, त्या वेळच्या आकड्यांप्रमाणे, वर्षभरात दर 4.7 वरून 15.3 वर गेला आणि फेब्रुवारी 2009 मध्ये राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा तिथे जाऊन बोलले. देशाचा दर 10 टक्क्यांच्या शिखरावर पोहोचला तो त्यानंतर, ऑक्टोबर 2009 मध्ये. पुढे 2018 च्या सुमारास एल्कहार्टचा दर 2 टक्क्यांच्या आसपास आला, कारखान्यांना माणसं मिळेनात. एप्रिल 2020 मध्ये, देशाचा दर 14.8 असताना, तो 25 च्याही वर गेला आणि वर्ष संपायच्या आत पुन्हा एक अंकी झाला. अशा शहरात दर 3.8 आहे की 4.4 यावर वाद घालण्यात अर्थ नाही. त्या धंद्याच्या मागण्या किती आठवड्यांच्या शिल्लक आहेत आणि कंत्राटी माणसं वाढताहेत की घटताहेत, हे विचारायला हवं. कपात येते तेव्हा आधी जादा पाळी बंद होते, मग कंत्राटी माणसं जातात, आणि पटावरच्यांवर कुऱ्हाड सगळ्यात शेवटी पडते.

तुमचं प्रकरण मात्र एल्कहार्टसारखं नाही. तिथे कारखाने बंद पडून पुन्हा उघडले, तुमच्याकडे कायमचं टाळं लागलं आहे. अशा वेळी दर खाली येतो तो बऱ्याचदा कशामुळे, यावर चांगलं संशोधन आहे. ओलिव्हिए ब्लँचर्ड आणि लॉरेन्स कॅट्झ या अर्थशास्त्रज्ञांनी 1992 मध्ये अमेरिकी राज्यांच्या अनेक दशकांच्या आकड्यांवरून दाखवलं की स्थानिक धक्क्यानंतर बेरोजगारी दर काही वर्षांत जुन्या पातळीला येतो, पण रोजगाराची संख्या जुन्या वाटेवर परतत नाही. दर सावरतो तो मुख्यतः माणसं दुसरीकडे निघून गेल्यामुळे. मी हा निष्कर्ष पहिल्यांदा वाचला, तेव्हा तोवर तपासलेली सगळी गावं डोळ्यांसमोरून गेली. दर उतरला म्हणून ज्यांचं अभिनंदन झालं होतं, त्यांतली कित्येक गावं प्रत्यक्षात लहान होत होती.

नंतरच्या काळात चित्र आणखी अवघड झालं. डेव्हिड ऑटर, डेव्हिड डॉर्न आणि गॉर्डन हॅन्सन यांनी 1990 ते 2007 या काळातल्या चिनी आयातीचा स्थानिक रोजगार बाजारांवरचा परिणाम तपासला. आयातीचा फटका जिथे जास्त, तिथे कारखानदारीतला रोजगार जास्त घटला. पण लोक फारसे हलले नाहीत. ते तिथेच राहिले, काम शोधायचे थांबले, अपंगत्वाच्या आणि इतर सरकारी मदतीवरचा भार वाढला. म्हणजे वरच्या हिशेबातलं तिसरं शहर, पण गाव न सोडता. पन्नाशी ओलांडलेला वेल्डर, पाठीचं दुखणं, शंभर ठिकाणी अर्ज करून झाले. एक दिवस तो अर्ज करणं सोडतो. चार आठवडे उलटले की बेरोजगारांतून एक कमी होतो आणि दर किंचित सुधारतो. तुमच्या ओळखीतले 'धड काम नसलेले' लोक यातले किती आहेत ते एकदा मनाशी मोजा. त्यांना "तुम्ही बेरोजगार आहात का" असं विचारू नका. "गेल्या महिन्यात कुठे अर्ज केला होता का" असं विचारा. उत्तर 'नाही' असेल तर ते या दरातल्या बेरोजगारांत बहुधा नाहीतच.

आणि ज्यांना काम लागलं त्यांचं? आठवड्याला पंधरा तास मिळणारा माणूसही रोजगारात मोजला जातो. अर्धवेळ अडकलेले आणि निराश होऊन थांबलेले धरून काढलेला जो व्यापक दर असतो, तो देशासाठी दरमहा निघतो, राज्यांसाठी चार तिमाह्यांच्या सरासरीने निघतो, छोट्या महानगरासाठी निघतच नाही. पगाराचं बोलायचं तर लुई जेकबसन, रॉबर्ट लालोंद आणि डॅनियल सलिव्हन यांनी 1993 मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या आकड्यांवरून दाखवलं होतं की सामूहिक कपातीत नोकरी गेलेल्या जुन्या कामगारांची कमाई पाच-सहा वर्षांनंतरही सुमारे 25 टक्क्यांनी कमीच होती. हे दुसरी नोकरी लागूनही. तुम्ही म्हणता ते 'धड काम नाही' बहुतेक इथेच येतं. काम आहे, पण घराचा हप्ता त्यात बसत नाही.

तेव्हा तुमच्या शहरासाठी मी काय करीन ते सांगतो. कारखाना बंद व्हायच्या आधीचं वर्ष घेईन आणि तेव्हापासून आजपर्यंत दर वर्षीचा एकच महिना. दराचा रकाना झाकून फक्त 'कामावर किती' हा रकाना वाचीन. तो कारखाना बंद होण्याआधीच्या पातळीजवळ पोहोचला असेल तर शहर सावरलं म्हणायला मी तयार आहे. श्रमबल घटलं असेल तर किती, तेही लिहून ठेवीन. मग नोकऱ्या आणि वेतनाची तिमाही गणना उघडीन. ती बेकारी भत्त्याच्या विम्यात येणाऱ्या जवळपास सगळ्या आस्थापनांची असते, म्हणजे 95 टक्क्यांहून अधिक नोकऱ्या तिच्यात येतात. पाचेक महिने उशिरा येते, पण त्यात अंदाजाचा भाग फार कमी. तिच्यात कोणत्या क्षेत्रात नोकऱ्या वाढल्या आणि त्या क्षेत्राचं सरासरी साप्ताहिक वेतन किती, हे कळतं. कारखान्यातल्या हजार जागा गेल्या आणि गोदामात व वृद्धसेवेत आठशे आल्या, तर त्या आठशेंचं वेतन पाहिल्याशिवाय मी काहीच बोलणार नाही. शाळांची पटसंख्याही पाहीन. तरुण कुटुंबं गाव सोडतात तेव्हा ते पहिलीच्या वर्गात फार लवकर दिसतं.

पुढे काय येऊ घातलंय याची चाहूल हवी असेल तर 1988 च्या कायद्याखालच्या पूर्वसूचना बघत चला. शंभर किंवा अधिक कामगार असलेल्या मालकाला कारखाना बंद करण्याआधी किंवा मोठी कपात करण्याआधी साधारणपणे 60 दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते, आणि बहुतेक राज्यं त्यांची यादी जाहीर करतात. मोठ्या कारखान्याच्या मागून त्याला सुटे भाग पुरवणारे येतात. त्यांतले बरेच शंभरच्या आतले असतात, त्यांची नोटीस सहसा कुठेच लागत नाही. तुमच्याकडे दोन वर्षं झाली आहेत, त्यामुळे ही दुसरी लाट येऊन गेलेली असावी, पण खात्री करून घ्या.

दोन सूचना राहिल्या. दर वर्षी सुरुवातीच्या महिन्यांत मागचे आकडे सुधारले जातात आणि छोट्या भागांत ही सुधारणा अर्धा टक्कासुद्धा असू शकते. त्यामुळे जुन्या बातमीतला 6 आणि आजच्या तक्त्यातला 3.8 यांची वजाबाकी करू नका. दोन्ही आकडे आजच्याच तक्त्यातून घ्या. आणि तुलनेसाठी ऑक्टोबर निवडू नका. 2025 च्या ऑक्टोबरात सरकारी कामकाज बंद असल्यामुळे घरांची पाहणीच झाली नाही आणि त्या महिन्याचा राष्ट्रीय दर कधी निघालाच नाही. सप्टेंबर घ्या. 'कामावर किती' हा रकाना आणि त्याच्या शेजारचं श्रमबल, दोन्ही मला पाठवा. क्षेत्रवार वेतनाचं आपण त्यानंतर बघू.